फुलीचं घर

तायडे सिस्टर बोलता बोलता समोरच्याचं मनगट धरायच्या. सवयच होती ती. तुम्ही आपले पोराच्या ॲडमिशनचं नाहीतर गॅस सिलिंडरचं रडगाणं सांगत असायचे, आणि त्यांची तीन बोटं केव्हाच तुमच्या नाडीवर जाऊन बसलेली. घड्याळाकडे बघणं नाही, काही नाही. बोलणं संपलं की मनगट सोडायचं आणि निकाल द्यायचा, "चहा कमी करा," नाहीतर, "झोप नाही झाली तुमची." कधी कधी काहीच सांगायच्या नाहीत, नुसतं "हं" म्हणायच्या. त्या "हं"ला आमची अख्खी बिल्डिंग घाबरून असायची. मी जरा जास्तच.

बिल्डिंग म्हणतो खरा, पण तेव्हा ती बिल्डिंग नव्हतीच. बडनेऱ्याच्या बाहेर, अकोला रोडला, काळ्या मातीत उभा राहिलेला चार मजल्यांचा सांगाडा होता. उघड्या विटांच्या भिंती, खिडक्यांच्या जागी भोकं, कठडा नसलेला जिना, आणि लिफ्टच्या खड्ड्यात साचलेलं हिरवं पाणी. चोवीस जणांनी त्यात घर घेतलं होतं आणि बिल्डर एक दिवस ऑफिसला कुलूप घालून पसार झाला होता. तळमजल्यावरचं दोन नंबरचं घर सिस्टरचं, तिसऱ्या मजल्यावरचं एक माझं. मी अकोल्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतो. तेव्हा अमरावतीत भाड्यानं राहायचो आणि बडनेऱ्याहून रोज गाडीनं जायचो.

आता मी त्याच बिल्डिंगमध्ये राहतो. माझ्या दाराशेजारची भिंत क्रीम रंगाची आहे. त्या रंगाखाली, प्लास्टरच्याही खाली, विटेवर सिस्टरनं खडूनं काढलेली एक फुली आहे आणि फुलीखाली त्यांच्या अक्षरातल्या तारखा आहेत. बायकोला ती दिसत नाही, पाहुण्यांना दिसत नाही. मला रोज कुलूप उघडताना दिसते.

सिस्टर म्हणजे सरकारी नर्स. सगळी नोकरी खेड्यापाड्यांतल्या उपकेंद्रांवर झाली. बदली होईल तिथलं क्वार्टर, आणि त्या क्वार्टरच्या दारावर रंगवलेलं मागच्या सिस्टरचं नाव. ते पुसायला लागणारा रंग कधीच मंजूर झाला नाही म्हणायच्या. "दर्यापूरकडच्या एका गावात मी सहा वर्षं मेश्राम सिस्टर होतो, सर. अजूनबी जाऊन विचारा, मेश्रामच म्हणतीन." आमच्याकडे बायाही 'होतो', 'येतो' म्हणतात, आणि सिस्टर तर ठणकावून म्हणायच्या. नवरा रेल्वेत होता, ट्रॅकवर. ते वारले तेव्हा रेल्वेचं क्वार्टरही गेलं आणि सिस्टर बडनेऱ्यातच एका भाड्याच्या खोलीत आल्या. पेन्शनमधून खोलीचं भाडंही भरायचं आणि न झालेल्या घराचा हप्ताही.

"एवढ्या घरांत राह्यलो," एकदा त्या मला म्हणाल्या, "एकाबी दारावर माह्यं नाव नव्हतं. मले आता माह्या नावाचं दार पाह्यजे. बस. मंग त्याच्या आत कोनी येवो का न येवो."

एवढंच मागणं होतं बाईचं. हे मी ऐकलेलं होतं, बरं का. माझ्या या कानांनी ऐकलेलं होतं.

घरवाल्यांची पहिली मीटिंग सांगाड्यातच झाली, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांवर बसून. सचिव कोण व्हायचं यावर सगळे एकमेकांकडे बघत होते. सिस्टर म्हणाल्या, मी होतो. तेव्हा मागून एकानं अगदी गोड आवाजात विचारलं, "मॅडम, तुमी मूळच्या कोनत्या वस्तीतल्या?" हा प्रश्न कशासाठी विचारतात ते आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. सिस्टरनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "जयभीमवाले आहो आमी, भाऊ. झालं समाधान? आता अजेंडा घ्या." मी काय केलं? मी मान खाली घालून अजेंड्याचा कागद वाचत बसलो. कागदावर दोनच ओळी होत्या.

सचिव त्याच झाल्या, कारण काम कुणालाच नको होतं. पुढच्या मीटिंगला त्या निळा डबा खांद्याला अडकवून आल्या. पोलिओच्या लसीचा, पट्ट्याचा, थर्माकोलचा. रिटायर होताना भंगारात निघालेला तो त्यांनी मागून घेतला होता. बर्फाच्या जागी आता आमची सगळ्यांची कागदपत्रं, बीपीचं मशीन, आणि खडूची पेटी. "यात पाणी नाही जात का उंदीर नाही जात," म्हणायच्या. "तुमच्या कपाटापेक्षा चांगला हाये."

मग सरकारची मदत जाहीर झाली. अडकून पडलेल्या बिल्डिंगी पूर्ण करायला सरकार पैसा देणार, नवा ठेकेदार नेमणार. अट एकच, पण कडक. काम बंद पडलं आहे, असं झाडून सगळ्या घरवाल्यांनी लिहून द्यायचं, प्रत्येकानं आपापले कागद जोडायचे. एकाचंही उलटं म्हणणं आलं, तर प्रकरण परत. ती अट असलेलं पत्रक सिस्टरनं मलाच वाचायला दिलं होतं, चष्मा घरी विसरल्या होत्या म्हणून. मी मोठ्यानं वाचून दाखवलं. हे लक्षात ठेवा.

सिस्टरनं कामाला सुरुवात केली ती पोलिओच्या राउंडसारखी. पोलिओच्या रविवारनंतर नर्सा घरोघर फिरतात आणि दारावर खडूनं खूण करतात ना, ज्या घरातल्या सगळ्या पोरांना डोस मिळाला तिथं 'पी', आणि जिथं एखादं पोर राहिलं तिथं फुली. तसंच सिस्टरनं सांगाड्यातल्या चोवीसही दारांवर केलं. दारं नव्हतीच, दाराच्या जागेशेजारच्या विटांवर केलं. कागद पूर्ण, तिथं पी. काही राहिलं असेल, तिथं फुली आणि खाली तारीख. लोक चिडले. "काय सिस्टर, आमच्या नव्या घरावर फुल्या मारून राहिल्या?"

"फुली म्हनजे खराब घर नोहे," सिस्टर म्हणाल्या. "फुली म्हनजे परत यायचं घर. कागद द्या, आत्ता पुसतो."

आणि परत यायच्या हो! त्यात हयगय नाही. एकदा जिन्यावर बसून त्यांनी मला सांगितलं होतं, की एका गावात एक पोरगं पोलिओच्या दिवशी मामाकडे गेलेलं निघालं. सुपरवायझर म्हणाला, मारून टाका पी, कोण बघतं, संध्याकाळी रिपोर्ट द्यायचा आहे. सिस्टरनं मारली फुली आणि डबा घेऊन मामाच्या गावाची वाट धरली. "जाऊन पाह्यतो तं पोट्टं निंबाच्या झाडावर! उतरेच ना. मंग मीच बुडाशी बसून राह्यलो. म्हटलं, भूक लागल्यावर येते का नाही खाली. आलं ना बाप्पा. डोस पाजला, परत येऊन फुली पुसली, पी मारला. खोटा पी मी जिंदगीत नाही मारला, सर."

आमच्यात गजाननची फुली सगळ्यात जुनी होती. गजानन ऑटो चालवतो. त्याच्या करारनाम्याला उधई लागली होती, निम्मं पान खाऊन टाकलेलं. सिस्टर त्याच्याच ऑटोत बसून त्याच्यासोबत नोंदणीच्या ऑफिसात चार चकरा मारून आल्या, नक्कल काढली, आणि स्वतः त्याच्या दाराची फुली पुसून पी लिहिला. गजाननला काय आनंद! त्यानं त्या पीला हात जोडले. माझ्या दारावर मात्र पहिल्याच दिवशी पी होता. सगळ्यांत आधी कागद दिले होते मी. सिस्टर बाकीच्यांना सांगायच्या, "काळे सरचं पाहा जरा, शिका."

त्याच सुमारास कुणीतरी बातमी आणली, की बिल्डरची म्हातारी आई अकोल्यात, जुन्या शहरात राहते. झालं, आमचे दहाएक जण तावातावानं निघाले. मी कॉलेजातून परस्पर गेलो. मोर्णेचा पूल ओलांडून गल्लीबोळातून ते घर शोधलं. एकानं दारावर थापा मारल्या. घोषणा ओठांवर तयार होत्या. दार उघडलं ते एका वाळलेल्या बाईनं. पाय सुजलेले, हात कापत होते.

 सिस्टर पुढे झाल्या. "माय, पाय कवापासून सुजले तुये?"

"झाले दिवस," म्हातारी म्हणाली.

"बीपीची गोळी चालू हाये का?"

"सरली. पोरगा आनून देतो म्हणे."

"कवा आला होता पोरगा?"

म्हातारी चौकट धरून बाजूला झाली. सिस्टर आत जाऊन तिच्या खाटेवर बसल्या, निळ्या डब्यातून मशीन काढलं, पट्टा बांधला. गजाननला मेडिकलमध्ये पिटाळलं. बाहेर आमच्यातल्या एकाचा धीर सुटला. "सिस्टर, आपन कायले आलो होतो अन तुमी काय करून राहिल्या!"

"भांडाले आलो होतो ना? भांडू. त्यानं काय केलं ते तिले विचारून काय होते? तिनं काय तुमचं सिमेंट खाल्लं?" मग म्हातारीला म्हणाल्या, "पोरगा आला तं सांगजो, दोन नंबरवाली तायडे सिस्टर येऊन गेली म्हना. परत येतो मी."

निघताना त्यांनी त्या घराच्या चौकटीवरही खडूनं बारीकशी फुली काढली. त्यानंतर दर महिन्याला त्या अकोल्याला जाऊन म्हातारीचं बीपी बघून यायच्या. येताना कधी माझ्याच गाडीला असायच्या, शेंगदाणे खात. आमचे लोक म्हणायचे, बाई फितूर झाली की काय. फितूर कोण होणार होतं ते त्यांच्याच शेजारी बसून शेंगदाणे खात होतं.

बिल्डरचा भाचा मला अकोला स्टेशनवर, चहाच्या टपरीजवळ भेटला. सभ्य मुलगा, 'सर सर' करून बोलायचा. म्हणाला, "तुमच्या एकट्याचे पैसे मोकळे करून टाकू सर, मामानं खास सांगितलंय. तुम्ही फक्त शपथपत्रावर एवढंच लिहा, की काम सुरू आहे आणि माझी तक्रार नाही." मी दोन दिवस विचार केला. विचार कसला, स्वतःला पटवत होतो. काम सुरू नाहीच असं कसं म्हणायचं? महिन्यापूर्वीच मी तिथं दोन मिस्त्री पाहिले होते. ते परांचीच्या फळ्या परत न्यायला आले होते, ही गोष्ट मी सोयीनं विसरलो. भाडं, हप्ता, पोरीची बारावी, सगळं आठवलं. ती अट तेवढी आठवली नाही. नंतर कितीतरी महिने मी स्वतःला सांगत होतो, की अट माझ्या ध्यानातच नव्हती. खोटं. ध्यानात होती. सिस्टरला मीच वाचून दाखवली होती, मोठ्यानं.

मी सही केली. भाच्यानं दिलेला चेक अर्थातच वटला नाही. म्हणजे मी फुकटात विकला गेलो. वर्गात पोरांना गणित शिकवणारा माणूस!

स्थळपाहणीला जिल्ह्याच्या ऑफिसातून एक मॅडम आल्या. सिस्टरनं चोवीसच्या चोवीस दारांवरचे पी त्यांना दाखवले, मजल्यामजल्यानं, कठडा नसलेल्या जिन्यावरून गुडघे धरून चढत. मॅडमनी कौतुक केलं. मग खाली येऊन फाइल उघडली आणि शांतपणे म्हणाल्या, "पण तुमच्यापैकीच एकांचं शपथपत्र आलंय. काम सुरू आहे, तक्रार नाही, असं. नाव मी इथं सांगणार नाही. पण हे असेपर्यंत मला प्रकरण पुढे पाठवता येणार नाही."

काय सांगू राजेहो, जमलेले सगळे एकदम बोलायला लागले. त्यांच्यात मीही बोललो. "कोण असेल हा हरामखोर?" असं मी म्हणालो. म्हणालो हो! माझेच शब्द.

सिस्टर तेवढ्यात हळूच माझ्याजवळ आल्या. "सर, गाडी कितीची हाये तुमची?" असं विचारत त्यांनी माझं मनगट धरलं. मी गाडीची वेळ सांगितली. उशीर होईल, म्हणालो. क्रॉसिंगला थांबवतात, म्हणालो. नको तेवढं बोललो. त्यांनी मनगट सोडलं.

"हं."

लोकांचं बोट गजाननकडे गेलं. तो त्या दिवशी सवारी घेऊन परतवाड्याला गेला होता, म्हणून आला नव्हता. ऑटोवाला, हप्ते थकलेले, कागद सगळ्यांत उशिरा दिलेला. झालं, एवढं पुरलं. सिस्टरनं हात वर केला. "गजाननचं नाव घ्याचं नाही. त्यानं नाही केलं."

"मंग कोनं केलं?"

"ते मले कळलं. तुमाले कळून काय करान? मारान? मारून कागद मांगे येते का? ज्यानं देल्ला त्यालेच मांगे घ्या लागते."

"बरोबर आहे सिस्टरचं," मी म्हणालो.

पुढच्या आठवड्यात बिल्डिंगवर गेलो तर माझ्या दारावरचा पी पुसलेला, आणि तिथं फुली. खाली तारीख. शेजारच्यानं विचारलंही, "सरच्या घरावर फुली कावून, सिस्टर?" सिस्टर म्हणाल्या, "एक कागद बाकी हाये त्यांचा." खोटं बोलल्या नाहीत, आणि मला उघडंही पाडलं नाही.

मग त्या माझ्या घरी यायला लागल्या. रविवारी, बडनेऱ्याहून अमरावतीला सिटी बसनं. बायकोचं बीपी बघायच्या, पोरीला अभ्यासाचं विचारायच्या, चहा घ्यायच्या, बिनसाखरेचा. शपथपत्राचं अक्षर नाही. मी समोर पेपर तपासत बसायचो. निघताना दारात माझं मनगट धरायच्या आणि म्हणायच्या, "येतो मी परत." बायको म्हणायची, किती जीव लावतात हो. दर खेपेला तिकडे माझ्या फुलीखाली एक तारीख वाढायची. चार झाल्या, सात झाल्या. मला फक्त एवढंच करायचं होतं, की वकिलाकडे जाऊन आधीचा कागद मागे घेतो म्हणून लिहून द्यायचं. अर्ध्या दिवसाचं काम. खोट्या शपथेबद्दल गुन्हा लागेल ही भीती होती. पण त्याहून मोठी भीती ही, की गजाननला कळेल. लोक त्याच्याशी धड बोलत नव्हते, आणि तो तरीही मला स्टेशनवरून फुकट सोडायचा. "सर लोकाइकून पैसे नाही घेत आपन," म्हणायचा. मी बसायचो त्याच्या ऑटोत.

त्यानंतरचं आधी सांगून टाकतो, कारण शेवट मला त्यावर करायचा नाही. पुढे मी कागद मागे घेतला. फाइल हलली, सरकारची मदत आली, नव्या ठेकेदारानं काम पुरं केलं. पण मधलं जवळजवळ वर्ष मी खाल्लं. सिस्टरचे गुडघे तोवर गेले होते, खोलीचं भाडं झेपत नव्हतं. लेक त्यांना नागपूरला घेऊन गेली. चाव्या वाटायच्या दोन महिने आधी त्या तिथंच वारल्या. दोन नंबरची चावी लेकीनं घेतली आणि दारावर पाटी लावली, सुमन तायडे. दार आहे, त्यावर नाव आहे, आणि कुलूप आहे. माझ्या त्या सहीविना बाई त्या दारातून आठ-नऊ महिने तरी आत-बाहेर करत्या. हे गणित मी हजार वेळा मांडलंय, उत्तर बदलत नाही. समोर गजानन राहतो. रोज सकाळी आपल्या दाराबरोबर ती पाटीही पुसतो. अजूनही बिल्डिंगमध्ये कुणी कुणी म्हणतं, की तो कागद गजाननचाच होता. मी ऐकतो आणि वर निघून जातो. हे छापून आलं की पहिली प्रत त्याला नेऊन देणार आहे. तोंडानं सांगायची हिंमत अजून झालेली नाही, मेली.

आता सिस्टर मला शेवटच्या दिसल्या ते सांगतो.

कॉलेज दुपारीच सुटलं होतं. बडनेऱ्याला उतरलो आणि घरी न जाता बिल्डिंगवर गेलो. आदल्या दिवशी सिस्टर नागपूरला जाणार म्हणून कळलं होतं. वाटलं, आता ती फुली पुसून टाकावी. होय, पुसायलाच गेलो होतो! बाटलीतलं पाणी रुमालावर ओतलं आणि ओला रुमाल मुठीत घेऊन जिना चढलो. दुसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा वरून विटेवर खडू घासल्याचा आवाज आला. मी खांबाच्या मागे झालो आणि वाकून पाहिलं. सिस्टर माझ्या दाराशी उभ्या होत्या. एक हात भिंतीला टेकवलेला, खांद्याला निळा डबा. तारीख लिहून झाली. ती अकरावी होती, नंतर मी मोजल्या. खडू पेटीत ठेवला, पेटी डब्यात ठेवली, आणि त्या उतरायला लागल्या.

उतरायला म्हणजे बसून. कठडा नव्हता आणि गुडघे वाकत नव्हते, म्हणून डबा मांडीवर घेऊन एकेक पायरी बसत, सरकत खाली येत होत्या. मधे थांबायच्या, दम घ्यायच्या. मी चार पावलांवर होतो. पुढे होऊन हात द्यायचा होता, बस. मी खांबाला चिकटून उभा राहिलो, श्वास धरून, चोरासारखा. त्या माझ्या बाजूनं गेल्या, मान न वळवता. खालच्या पायरीवर पोचल्या, भिंत धरून उभ्या राहिल्या, लुगडं झटकलं, आणि पाठमोऱ्याच बोलल्या.

"कठडा नाही, सर. सांभाळून उतरजा."

मी "हो" सुद्धा म्हणालो नाही. रुमालातलं पाणी माझ्या चपलेवर ठिबकत होतं.